औषधाच्या कपाटातली ब्रँडी

माझ्या इंग्लंडमधल्या, ब्रॅकनेलच्या फ्लॅटवर पाहुणे आले की कोणीतरी हात धुवायला बाथरूममध्ये जातं आणि बाहेर येऊन विचारतंच, "अगं, पॅरासिटामॉलशेजारी ब्रँडीची बाटली कशाला?" मग त्यांच्यातला एखादा जाणकार ती बाटली उचलून आणतो, लेबल वाचतो आणि काळजीनं माझ्याकडे बघतो, कारण ब्रँडी असते सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाची, सगळ्यात खालच्या फळीवरची. बाईची नोकरी शाबूत आहे ना, असा तो चेहरा असतो. मी पुण्याची, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर माझं मत तयार असतं. पण या एका विषयावरचं मत माझं नाही. ते नॉटिंगहॅमच्या माझ्या घरमालकांचं आहे, आणि त्यांचं घर सोडताना मी ते सामानाबरोबर घेऊन आले.

मी या देशात आले ती नॉटिंगहॅमला, एका हॉस्पिटलच्या आयटीत. राहायला मिळाली घरमालक काका-काकूंच्या घरातली लॉफ्टची, म्हणजे माळ्यावरची खोली. काका मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी इथल्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत झाली आणि मी गेले तेव्हा ते रिटायर होऊन घरी बसले होते. म्हणजे फार्मसीनं त्यांना सोडलं होतं, त्यांनी फार्मसी सोडलेली नव्हती. घरातल्या एकूण एक वस्तूवर लेबल. तिखटाच्या डब्यावर 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे'. लोणच्याच्या बरणीवर 'सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावे'. लॉफ्टच्या शिडीवर खास माझ्यासाठी 'चढताना फोन वापरू नये'. एकदा काका जेवून सोफ्यावर आडवे झालेले असताना काकूंनी त्यांच्या पोटावर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं लेबल चिकटवलं. ते तसंच घेऊन काका पोस्टात जाऊन आले.

ब्रँडीची बाटली बाथरूमच्या कपाटात असायची, खोकल्याचं औषध आणि बँडेजच्या मध्ये. तिच्यावर लेबल होतं: 'रोज संध्याकाळी एक मात्रा, जेवणाआधी.'

ती मात्रा घेण्याचा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळच्या बातम्या लागायच्या आधी काका टाय बांधून स्वयंपाकघरात आले. मला वाटलं कुठे बाहेर निघालेत. त्यांनी केटल लावली. कपात गरम पाणी, गुळाचा खडा, चिमूटभर सुंठ. मग खोकल्याच्या औषधाबरोबर येतो ना, तो रेघा आखलेला प्लास्टिकचा छोटा कप, तो डोळ्यांसमोर धरून त्यात रेघेपर्यंत ब्रँडी ओतली, ती गरम पाण्यात मिसळली आणि खिडकीकडे तोंड करून, उभ्यानं, एका दमात पिऊन टाकली. आणि त्यांचा चेहरा पार बिघडला. आधी डावा डोळा मिटला, मग ओठ एका बाजूला ओढले गेले, हनुवटी थरथरली आणि शेवटी दोन्ही खांदे कानांपर्यंत वर जाऊन खाली आले. मी खुर्चीवरून उठलेच. हात फोनकडे गेला. काकू पोळ्या लाटत होत्या. मागे वळूनसुद्धा न बघता त्या म्हणाल्या, "बस तू. काही नाही झालं त्यांना. औषध घेतलं."

काकांनी कप धुतला, पालथा घातला, टाय सैल केला.

"पुणेकर," ते म्हणाले. मला त्यांनी नावानं कधी हाक मारलीच नाही. "घाबरून राहिली का तू? अगं, औषध म्हटलं की तोंड वाकडं झालंच पाहिजे. झालं तर औषध, नाही झालं तर दारू. सोपं आहे नं?"

"पण काका, ब्रँडी ही दारूच असते."

"तुझ्या पुण्यात असेल."

या एका नियमावर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. महाग दारूचा दोष असा, की ती गुळगुळीत उतरते आणि तोंड जागच्या जागी राहतं. स्वस्त ब्रँडी घशाला ओरबाडत जाते, म्हणून ती गुणकारी. दुसरी मात्रा कधीच नाही. कोणी मागितलीच तर काका बाटलीचं झाकण लावत म्हणत, "कोर्स उद्या."

शनिवारी मी त्यांच्याबरोबर सुपरमार्केटला जायचे. दारूच्या रांगेत शिरलं की ते डोळ्यांच्या रेषेतल्या बाटल्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत. सरळ गुडघे दुमडून उकिडवे बसायचे आणि खालच्या फळीतून आपली बाटली ओढून काढायचे. "डोळ्यांसमोर ठेवतात ते यांच्या फायद्याचं," ते खालूनच मला सांगायचे. "आपल्या फायद्याचं गुडघ्याखाली असतं." मग उठवत नसे. मी हात द्यायचे आणि येणारी-जाणारी गोरी माणसं आमच्याकडे फार दयाळूपणे बघायची.

एकदा त्या सुपरमार्केटनं ब्रँडी बदलली. बाटली तीच, आतला माल वेगळा. काकांनी संध्याकाळी मात्रा घेतली, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि काहीच झालं नाही. डोळा नाही, ओठ नाही, खांदे नाहीत. ते वळले तेव्हा घरात वाईट बातमी आल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही ती बाटली परत करायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, बाटलीत काय खराबी आहे. काका म्हणाले, "इट इज टू नाइस." तिनं पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर सांगितलं की रात्री आपण पेशंटला याच्या भरवशावर ठेवू शकत नाही. तिच्या स्क्रीनवर अशा तक्रारीसाठी काहीच सोय नव्हती. शेवटी तिनं 'सदोष' वर बोट ठेवलं आणि आम्ही दुसऱ्या दुकानाची खालची फळी शोधायला निघालो. मी रस्ताभर हसत होते, काका गंभीर होते.

दर ख्रिसमसला हॉस्पिटलातले जुने सहकारी त्यांना चांगल्या चांगल्या बाटल्या द्यायचे. खोके, रिबिनी, आत साटीनचं अस्तर. काका सगळ्यांचे मनापासून आभार मानायचे आणि बाटल्या वापरायलाही काढायचे, फक्त पोटात घ्यायचे नाहीत. एका भारी सिंगल माल्ट व्हिस्कीनं ते चष्मा पुसायचे. मला पहिल्या हिवाळ्यात सणकून सर्दी-ताप आला तेव्हा काकू लॉफ्टची शिडी चढून आल्या आणि आपल्याकडे करतात तसं माझ्या तळपायांना ब्रँडी चोळत बसल्या. मस्त ऊब आली. खोलीभर असा वास सुटला की मला त्या तापातही प्रसन्न वाटलं. बरी झाल्यावर मी ती बाटली पाहिली. फ्रान्सहून आलेली जुनी कोन्याक होती ती, ब्रँडीतली सगळ्यात महाग जात. हॉस्पिटलातल्या सर्जननं निरोप समारंभात दिलेली. माझ्या तळपायांनी तेवढं उंची आयुष्य जगून घेतलेलं आहे.

माझा एक कॉलेजचा मित्र लंडनहून मला भेटायला आला होता. येताना स्कॉटलंडची भारीतली व्हिस्की घेऊन आला आणि काकांना ती कशी प्यायची ते शिकवायला बसला. ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट जिभेवर ठेवायचा. "काका, आधी धूर लागेल. मग संत्र्याची साल. आणि शेवटी लेदर."

"चपलेचं का पट्ट्याचं?" काकांनी विचारलं.

मित्र गोंधळला. म्हणाला, जुन्या खुर्चीचं.

"बरं. मग एवढा धूर आणि खुर्ची पोटात गेली, तरी तुझं तोंड हललं नाही. असं कसं?"

"कारण ती स्मूथ आहे ना काका."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जप बाबा," ते म्हणाले. "जे घेताना त्रास होत नाही, ते थांबवताना फार त्रास होतो. मी पुष्कळ पाहिले आहेत तसे."

मित्र हसला. मीही हसले. पण काकूंची पोळी तव्यावर जरा जास्त भाजली गेली, हे मी पाहिलं.

त्याचा अर्थ मला उन्हाळ्यात कळला. गावाबाहेर कौन्सिलच्या जागेत काकांचा भाजीचा तुकडा होता. तिथे ते मेथी आणि आंबाडी लावायचे आणि शेजारच्या इंग्लिश म्हाताऱ्यांना आंबाडीची भाजी खायला घालून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. तिथे मेथी खुडता खुडता एकदा ते आपणहून बोलले. त्यांचे वडील प्यायचे. घर, सायकल, आईच्या बांगड्या, सगळं त्या वाटेनं गेलं आणि शेवटी वडीलही. आईनं शिवणकाम करून काकांना शिकवलं. इकडे यायला निघाले तेव्हा नागपूरच्या स्टेशनवर तिनं त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, दारूला शिवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.

"मग ब्रँडी?" मी विचारलं. राहवलंच नाही.

"ती तर तिनंच पाजलेली," काका म्हणाले. "थंडीत माझी छाती भरायची. शेजारचा कंपाउंडर बाटलीच्या तळाला थोडी द्यायचा. माय चमच्यात घ्यायची, माझं नाक दाबायची आणि घशात ओतायची. माझं तोंड असं व्हायचं," आणि त्यांनी ते सुप्रसिद्ध तोंड करून दाखवलं, "तेव्हा ती हसायची. आमच्या घरात ती एरवी हसायचीच नाही गं. म्हणायची, बघा, लागलं औषध." मग त्यांनी मेथीची जुडी बांधली. "इथे पहिल्या थंडीत छाती भरली तेव्हा मी तेच घेतलं. तोंड वाकडं झालं आणि वाटलं, आई खोलीत आहे. तेव्हापासून चालू आहे. आता तू सांग, हिला मी दारू म्हणू?"

 मला त्या म्हाताऱ्या माणसाचा इतका लोभ वाटला की मी मान खाली घालून नुसती मेथी खुडत राहिले.

आता त्यांची लेक, मुक्ता. ती क्रॉयडनला वकील होती आणि महिन्यातून एखादा वीकेंड घरी यायची. बापावर तिचा फार जीव, पण चारचौघांत बाप बरोबर असला की ती त्याच्या खिशांवर नजर ठेवून असायची. तिच्या ग्रॅज्युएशनच्या जेवणाला काकांनी एका नामांकित रेस्टॉरंटात कोटाच्या खिशातून आपली बाटली आणि तो प्लास्टिकचा कप काढला होता, वेटरकडे गरम पाणी मागितलं होतं आणि तिच्या प्राध्यापकांसमोर उभं राहून तोंड वाकडं केलं होतं. एक बाई मदतीला धावली होती. मुक्ता ते विसरली नव्हती.

तिचं टॉमशी लग्न ठरलं. टॉम सरळ मुलगा, काकूंच्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेणारा. पण त्याचे वडील कोन्याकचे शौकीन. तळघरात बाटल्या, प्रत्येकीची कुळकथा तोंडपाठ. डर्बीशायरमधल्या त्यांच्या घरी रविवारी दुपारच्या जेवणाला दोन्ही घरं पहिल्यांदा भेटायची होती आणि तिथे ते टॉमच्या जन्मसालाची बाटली उघडणार होते. ती त्यांनी मुलाच्या लग्नासाठीच इतकी वर्षं जपली होती.

आदल्या दिवशी मुक्ता स्वयंपाकघरात काकांसमोर बसली. तिच्या मराठीत लिंगं जागा बदलत राहतात, पण अर्थ कधी चुकत नाही.

"बाबा, टॉमच्या घरी तुमचा बाटली नको. प्लीज. ती छोटी कप पण नको."

"नाही आणत."

"आणि ते जे देतील ते घ्या. एकच सिप. टॉमच्या डॅडसाठी इट्स अ ह्यूज थिंग. तुम्ही नाही घेतला तर ते समजणार तुम्हाला हे लग्न नको आहे."

काका थोडा वेळ लेबलं नीट करत बसले. मग म्हणाले, "घेईन."

"आणि तोंड?"

"काय तोंड?"

"बाबा, यू नो."

"नाही करणार," काका म्हणाले आणि टाय बांधायला वर गेले. त्या संध्याकाळी त्यांनी मात्रा घेतली तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ खिडकीकडे बघत उभे राहिले. काकू मला हळूच म्हणाल्या, "उद्या गाडी तू चालव. आणि जेवताना माझ्याजवळ बस. मला एकटीला नाही बघवणार." एका बाजूला स्टेशनवर डोक्यावर ठेवलेला हात आणि दुसऱ्या बाजूला लेकीची खाली जाणारी मान. मी पुण्याची असूनही मला मत सुचेना.

जेवण छान झालं. टॉमची आई मोकळी बाई होती, काकूंचे बेसनाचे लाडू तिनं चीजबरोबर खाल्ले. मग टॉमचे वडील उठले, बाटली आणली, फुगीर पोटाच्या ग्लासांत सगळ्यांना थोडी थोडी ओतली. मला गाडी चालवायची म्हणून वासापुरती. ते उभे राहून बोलले. टॉम झाला तेव्हा बाहेर किती बर्फ होतं, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मोठा सज्जन माणूस. मग त्यांनी ग्लास उंचावला आणि काकांकडे पाहिलं.

काका उठले. आज टाय सकाळपासूनच होता. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि एका दमात पिऊन टाकला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मुक्ताही, काकूही. काही झालं नाही. उलट त्यांचे डोळे अलगद मिटले, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि कोणीतरी पाठीवरून हात फिरवावा तसा चेहरा सैल झाला. आवडली होती. त्यांना ती मनापासून आवडली होती. मुक्तानं श्वास सोडला. टॉमचे वडील खुश झाले.

आणि मग काकांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या लक्षात आलं. मी शपथेवर सांगते, माणूस एवढा घाबरलेला मी पाहिला नाही. दुसऱ्याच क्षणी त्यांनी सगळ्या ताकदीनिशी तोंड वाकडं केलं. डावा डोळा, ओठ, हनुवटी, खांदे, आणि वर घशातून एक खाकरणं, जे एरवी नसायचं.

टॉमच्या वडिलांचा हात हवेतच राहिला. इतकी वर्षं जपलेल्या बाटलीचं त्यांच्या डोळ्यांदेखत असं झालं होतं. टॉमची आई कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी.  मुक्ताचा चेहरा लालभडक झाला आणि मी मनात म्हटलं, संपलं, आता ही पोर बापाशी आयुष्यभर बोलणार नाही.

मुक्तानं बापाकडे पाहिलं. काका ग्लास धरून, चूक झालेल्या मुलासारखे, तिच्याकडेच बघत होते. तिनं आपला ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. आधी डावा डोळा, मग ओठ, हनुवटी, खांदे. हुबेहूब. लहानपणी खोकल्याला सुंठेचा काढा याच माणसाच्या हातून घेतला होता तिनं, शिकवायची गरज नव्हती.

"आमच्या घरात," ती सासऱ्यांना इंग्रजीत म्हणाली, आणि आवाज अजिबात थरथरला नाही, "आजी बाबांना औषध द्यायची तेव्हा ते असं करायचे आणि ती हसायची. बाबा हे तोंड फक्त आपल्या माणसांसाठी करतात."

टॉमनं लगेच ग्लास रिकामा केला आणि दोन्ही डोळे मिटले. मग त्याच्या वडिलांनी आपल्या ग्लासात बघितलं, प्यायले, आणि अगदी जरासं, सूपमध्ये केस सापडलाय पण बोलायचं नाही, इतपत तोंड वाकडं केलं. काका टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "व्हेरी गुड. बट लेफ्ट आय फर्स्ट." त्यानंतर त्या घरात जे हसणं झालं त्यात कॉफी थंड झाली. टॉमच्या वडिलांनी दुसऱ्यांदा बाटली पुढे केली तेव्हा काकांनी हात आडवा धरला. ते काय म्हणाले ते सांगायला नकोच.

निघताना काका गाडीत मागे बसले. मी आरशातून बघत होते.

"पुणेकर, दारू होती गं ती," ते म्हणाले. "फार चांगली होती. तोंड आपोआप नाही झालं. मी केलं."

"दिसलं मला," काकू माझ्या शेजारून म्हणाल्या.

"मग आईलाही दिसलं असेल."

"असेल. नातही दिसली असेल."

तेवढ्यात मुक्ता घरातून पळत आली आणि मागची काच ठोठावली. काकांनी काच खाली केली. ती वाकली.

"बाबा, नेक्स्ट टाइम तुमचा बाटली आणा. आणि ती छोटी कप पण. टॉमच्या डॅडला हवा आहे." मग जरा थांबून म्हणाली, "मला पण."

तिनं त्यांच्या टायची गाठ सरळ केली आणि आत पळाली. काकांनी काच वर घेतली, मी गाडी काढली. आरशात मला दिसलं, आधी डावा डोळा मिटला, मग ओठ एका बाजूला ओढले गेले, मग हनुवटी थरथरायला लागली आणि थांबेचना. मी ब्रेकवर पाय ठेवून मागे वळणार, तोच काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या समोर रस्त्याकडेच बघत होत्या.

"चल तू," त्या म्हणाल्या. "काही नाही झालं त्यांना. औषध लागलं."